घरचा टोरेंट क्लायंट फोनवरून सांभाळायचा आहे: संगणक सांगलीला, मी पुण्यात

निळी शाई:

नमस्कार मंडळी,

मी नोकरीसाठी पुण्यात, घर सांगलीला. घरी आई-बाबा, माझा जुना डेस्कटॉप आणि अमर्याद डेटावाली फायबरची लाइन. पुण्यात पीजीचं वायफाय नावापुरतं आणि फोनला रोजचा मोजका डेटा. त्यामुळे मोठं जे काही आहे ते सांगलीलाच उतरावं, आणि काय उतरवायचं ते मी इथून फोनवर ठरवावं, अशी सोय करायची आहे.

काय उतरवते तेही सांगते, म्हणजे चर्चा भलतीकडे जायची नाही. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन आहेत, डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचा मोठा साठाही तिथे आलेला आहे. त्यातलं स्वामित्वहक्क संपलेलं तेवढंच मी घेते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं, आणि ती पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजायची, हा आपल्याकडचा नियम. आर्काइव्ह बहुतेक पुस्तकांसोबत टोरेंट फाइल देतं, म्हणजे पुस्तक एकाच सर्व्हरऐवजी ते असलेल्या अनेकांकडून तुकड्या-तुकड्यांनी घेता येतं. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्यानंतर आर्काइव्ह काही दिवस बंद होतं, तेव्हा मला फार जाणवलं की ही पुस्तकं एकाच ठिकाणी असणं बरं नव्हे. म्हणून उतरवून गप्प न बसता ती सीड करत, म्हणजे इतरांनाही देत ठेवायची आहेत.

फोनवरून टोरेंट घालता यावं, थांबवता यावं, डिस्कवर जागा किती उरली ते कळावं. बाबांना फोन करून 'ते निळं चिन्ह दोनदा दाबा' असं सांगायची वेळ येऊ नये. सांगलीत वीज जाते, तेव्हा त्याचाही विचार हवा. जाणकारांनी मार्ग सांगावा.

डोंगरवाट:

एवढा खटाटोप कशाला? क्रोम रिमोट डेस्कटॉप घाला. फोनवर घरचा स्क्रीन जसाच्या तसा दिसतो. मी हेच वापरतो.

वायरमन:

डोंगरवाट, अडीनडीला ते असू द्यावं, माझ्याकडेही आहे. पण रोजच्या कामाला त्रासाचं पडतं. चोवीस इंची स्क्रीन सहा इंचात बघायचा, बोटाने माउस ओढायचा, आणि नेटवर्क जरा ढिलं पडलं की चित्र अडकतं. टोरेंट क्लायंटला, म्हणजे टोरेंट उतरवणाऱ्या प्रोग्रामला, स्क्रीनची गरजच नसते. त्याला चार अक्षरांचा निरोप पोचला तरी काम होतं.

निळी शाई, तुमच्या कामाचे तीन भाग पडतात. क्लायंट, त्याचं वेब पान, आणि फोनपासून त्या पानापर्यंतचा रस्ता. पहिले दोन सोपे आहेत, लोक अडतात तिसऱ्यापाशी.

क्लायंट क्यूबिटटोरेंट घ्या. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, जाहिराती नाहीत. ऑप्शन्समध्ये वेब यूआय नावाचं पान आहे, तिथे खूण केली की ८०८० पोर्टवर (पोर्ट म्हणजे संगणकात शिरायचं क्रमांकाचं दार) ब्राउझरमधून चालवता येतो. ट्रान्समिशन हा दुसरा क्लायंटही उत्तम. तो ९०९१ वर बोलतो आणि कमी ताकदीच्या यंत्रावर हलका चालतो. फक्त त्याच्या सेटिंगच्या फाइलीत हात घालायचा असेल तर आधी डीमन (मागे चालत राहणारा त्याचा प्रोग्राम) बंद करा. चालू असताना बदल केलात तर बंद होताना तो आपल्याच जुन्या नोंदी परत लिहून टाकतो आणि तुम्ही विचार करत बसता की बदल गेला कुठे. शिवाय सुरुवातीला तो फक्त त्याच यंत्रावरून आलेली विनंती मानतो, फोनवरून गेलात तर ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', असं तोंडावर मारतो. फोनचा पत्ता त्याच्या परवानगीच्या यादीत घालावा लागतो. डेल्यूज या तिसऱ्या क्लायंटचं वेब पान ८११२ वर असतं, त्याचा सुरुवातीचा पासवर्ड डेल्यूज हाच, तो पहिल्या दिवशीच बदलायचा.

पासवर्डबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक याला हलक्यात घेतात. क्यूबिटटोरेंटला कित्येक वर्षं सगळ्या जगाला ठाऊक असलेला एकच सुरुवातीचा पासवर्ड होता. ४.६.१ आवृत्तीत तो काढला. आता तुम्ही स्वतःचा ठेवला नाहीत तर दर वेळी नवा तात्पुरता पासवर्ड लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदींत) छापून येतो. बदल का केला? तर या क्लायंटमध्ये 'टोरेंट पूर्ण झाल्यावर अमुक प्रोग्राम चालवा' अशी सोय आहे. वेब पानात जो शिरला तो तिथे हवी ती आज्ञा लिहू शकतो, म्हणजे अख्खा संगणकच त्याच्या हातात गेला. २०२३ मध्ये याच वाटेने उघड्या पडलेल्या यंत्रांवर क्रिप्टो-मायनिंगचे प्रोग्राम घुसवले गेले. टोरेंटची यादी कुणी बघितली तर बघू दे, असा हा मामला नाही.

रस्त्याबद्दल संध्याकाळी लिहितो, आता कामावर आहे.

तात्या कुडाळ:

रस्ता मी सांगतो. राउटरमध्ये जायचं, पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये ८०८० संगणकाकडे वळवायचा, डकडीएनएसवर मोफत नाव घ्यायचं म्हणजे आयपी (लाइनचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलला तरी नाव तेच राहतं. पासवर्ड दणदणीत ठेवायचा. माझं कुडाळच्या घरी वर्षानुवर्षं असंच चालू आहे, मुंबईच्या मुलाकडे गेलो तरी सगळं दिसतं.

वायरमन:

तात्या, तुमचा अनुभव मोठा आहे, पण हा सल्ला आज नव्या माणसाला देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एक तर तो बहुतेकांच्या लाइनवर चालणारच नाही. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले, म्हणून कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. यालाच सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा आणि ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' विचारून बघा. दोन्ही वेगळे आले, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये पडला, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. अशा वेळी तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस कंपनीच्या यंत्रापाशीच अडतो. तात्यांकडे बहुधा खरा सार्वजनिक आयपी असणार.

दुसरं असं, की ते पान साध्या एचटीटीपीवर, म्हणजे कूटलेखनाशिवाय, असतं. पासवर्ड कितीही दणदणीत असला तरी तो वाटेत उघडाच जातो. स्टेशनच्या फुकट वायफायवरून लॉगिन केलंत तर सांगायलाच नको. आणि उघडे पोर्ट शोधत फिरणारे स्कॅनर अख्खं आयपीव्ही४ पुन्हा पुन्हा चाळत असतात, तुम्ही कुडाळला आहात की कॅलिफोर्नियाला याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

माझं म्हणणं एकच आहे. वेब पान बाहेरच्या इंटरनेटला दिसताच कामा नये. फोनलाच घरच्या जाळ्यात आणा. फोन एकदा आत आला की पान जिथे आहे तिथेच उघडतं.

यासाठी सर्वांत कमी कष्टाचा मार्ग म्हणजे टेलस्केल, आपल्याच यंत्रांना आपसात जोडणारं व्हीपीएन (खासगी जाळं). घरच्या संगणकावर घाला, फोनवर घाला, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करा. दोघांना शंभरने सुरू होणारा एकेक पत्ता मिळतो. हेही पत्ते मघाच्याच सीजीनॅटच्या पट्ट्यातले आहेत, म्हणून तपासताना गोंधळू नका, वॅनचा पत्ता राउटरवरच बघायचा. फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता आणि पुढे ८०८० टाकलं की सांगलीचं क्यूबिटटोरेंट पुण्यात हजर. राउटरला हात लावायचा नाही, सीजीनॅट आडवं येत नाही, आणि मधला सगळा प्रवास वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीच्या कूटलेखनातून होतो. थेट जोडणी झाली नाही तर टेलस्केल स्वतःच्या रिलेमधून (निरोप पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरमधून) नेतं. तो मार्ग सावकाश असतो, पण आपण निरोपच पाठवतोय, पुस्तकं आणत नाही.

एक कलम मात्र आजच करून ठेवा. टेलस्केलमध्ये प्रत्येक यंत्राच्या किल्लीला मुदत असते, काही वेगळं ठरवलं नाही तर १८० दिवस. ती संपली की घरचा संगणक जाळ्यातून बाहेर पडतो आणि परत लॉगिन करायला त्याच्यासमोर माणूस बसावा लागतो. प्रशासनाच्या पानावर घरच्या यंत्रापुढे 'की एक्स्पायरी' बंद करा. फोनची मुदत राहू द्या, फोन हरवण्याची वस्तू आहे.

विंडोज असेल तर टेलस्केलच्या मेनूत 'रन अनअटेंडेड' वर खूण करा. नाहीतर विंडोज रात्री अपडेट होऊन लॉगिनच्या पडद्यावर थांबतो, टेलस्केल जोडत नाही आणि तुम्हाला वाटतं लाइन गेली.

तात्या कुडाळ:

वायरमन, पासवर्ड उघडा जातो हा मुद्दा बिनतोड आहे. माझ्याकडे स्थिर आयपी आहे, पैसे भरून घेतलेला. तेव्हा ८०८० बंद करतो आणि त्याऐवजी वायरगार्ड स्वतःच बसवतो. लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) २०२० पासून आहे, ५.६ आवृत्तीपासून. एकच यूडीपी पोर्ट उघडा राहील, आणि वायरगार्डचं चांगलं असं की योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. स्कॅनरला तिथे काही आहे हेही कळत नाही.

टेलस्केलबद्दल मात्र माझी तक्रार कायम आहे. माझ्या घरात कुणी शिरावं याची यादी तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर का असावी? आज मोफत आहे, उद्या नियम बदलले तर?

वायरमन:

तात्या, काळजी रास्त आहे. टेलस्केलचा मधला सर्व्हर किल्ल्यांची ओळख करून देतो, खासगी किल्ली यंत्राबाहेर जात नाही आणि मजकूर त्याला वाचता येत नाही. तरीही अवलंबून राहणं नको असेल त्यांच्यासाठी हेडस्केल आहे, तोच सर्व्हर आपण स्वतः चालवायचा. पण त्यालाही बाहेर सार्वजनिक पत्ता असलेलं एखादं यंत्र भाड्याने घ्यावं लागतं. स्थिर आयपी असेल त्याने तुमच्यासारखं थेट वायरगार्ड करावं. सीजीनॅटमागच्या नवख्याने टेलस्केलपासून सुरुवात करावी.

स्टुटगार्टवाली:

मी नाशिकच्या घरचा संगणक इथून जर्मनीतून असाच चालवते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे बऱ्याच जणांना वाटतं की व्हीपीएन लावलं म्हणजे टोरेंटही त्यातून जातं. या रचनेत तसं होत नाही. फोन आणि घर यांच्यातला निरोप तेवढा टेलस्केलमधून जातो, टोरेंटची देवाणघेवाण घरच्या लाइनवरून, घरच्या आयपीने होते. इकडे हक्क असलेला सिनेमा टोरेंटवर वाटला तर लाइन ज्याच्या नावावर आहे त्याच्या घरी वकिलाची नोटीस आणि दंडाची मागणी येते, हे इथे नव्याने आलेल्या प्रत्येकाला सांगितलं जातं. आपल्याकडे ते तितकं सर्रास होत नसलं तरी तत्त्व तेच आहे. लाइन बाबांच्या नावावर आहे. आपण परगावी बसून जे घालतो त्याचा जाब उद्या कुणी विचारलाच तर तो त्यांना विचारला जाणार. निळी शाई आधीच काळजी घेते आहे हे वाचून बरं वाटलं. भावंडांना या जाळ्यात घेणार असशील तर त्यांनाही हे स्पष्ट सांग.

दुसरी गोष्ट फोनची. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं. ऑफिसचं व्हीपीएन फोनवर असेल तर टेलस्केल चालू करताच ते बंद पडेल. आणि काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायच्या नावाखाली मागे चाललेलं टेलस्केल मारून टाकतात. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्याला सूट द्यावी लागते.

पाटबंधारे:

मी निवृत्त अभियंता. सॉफ्टवेअरचं वर सगळं आलं. घराकडे कुणी बघत नसताना यंत्र आपल्या पायावर उभं कसं राहील, यावर लिहितो, कारण बहुतेक वेळा घोडं तिथेच पेंड खातं.

वीज गेली आणि आली, तर डेस्कटॉप आपोआप चालू होत नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) 'एसी पॉवर लॉस' नंतर काय करायचं असा पर्याय असतो, तो 'पॉवर ऑन' वर ठेवा. विंडोजमध्ये झोप कायमची बंद. इन्व्हर्टर असेल तर फक्त संगणक त्यावर असून उपयोग नाही, राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच वायरीवर हवेत. राउटरसाठी मिनी यूपीएस मिळतात, ते पुरतात.

वेक-ऑन-लॅनची, म्हणजे जाळ्यावरून संदेश पाठवून झोपलेला संगणक जागा करण्याची, आशा धरू नका. तो जादूचा संदेश छोटासाच असतो, पण तो घरातल्या जाळ्यात ओरडून सांगावा लागतो. झोपलेल्या संगणकावर टेलस्केल चालू नसतं, मग तुमचा निरोप त्याच्यापर्यंत जाणार कसा? घरात दुसरं एखादं सदैव जागं यंत्र असेल तरच ते शक्य आहे.

आणि ते दुसरं यंत्र असेल तर टोरेंटही त्याच्यावरच का ठेवू नये? जुना डेस्कटॉप रिकामा बसला तरी पन्नास वॅट सहज घेतो. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक पाच वॅटच्या आसपास धरला तर साडेतीन-चार युनिटांत काम होतं. बिल बाबा भरणार असतील तर हा विचार करावाच.

पाय घेतलात तर डिस्कची वीज बघा. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून सुमारे १.२ अँपिअर मिळतात. एक छोटी पोर्टेबल डिस्क कशीबशी चालते, दोन लावल्या की फिरता फिरता बंद पडतात. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा विजेवर चालणारा हब घ्या. डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट करा. विंडोजची एनटीएफएस ठेवलीत तर अचानक वीज गेल्यावर कधी कधी ती फक्त वाचण्यापुरतीच जोडली जाते आणि टोरेंट त्रुटी दाखवत थांबतात.

आता हे नीट वाचा. आमच्या गावच्या वाचनालयात घडलेलं आहे. वीज आल्यावर पाय आधी चालू झाला, डिस्क जोडली गेलीच नाही. डिस्क ज्या फोल्डरवर बसते तो फोल्डर मात्र मेमरी कार्डावर रिकामा होताच. क्लायंटने निमूटपणे त्याच रिकाम्या फोल्डरात नव्याने उतरवायला सुरुवात केली, कार्ड तुडुंब भरलं आणि सगळंच ठप्प. उपाय दोन. सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये प्रोग्राम सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या) सेवेत 'हा माउंट, म्हणजे जोडलेली डिस्क, असेल तरच सुरू हो' अशी अट घाला, तिला 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' म्हणतात. आणि डिस्क जोडलेली नसताना तो रिकामा फोल्डर सीएचअ‍ॅटर आज्ञेने कुणालाच लिहिता येणार नाही असा करून ठेवा. डिस्क वर बसली की ती नेहमीसारखी लिहिते, नसली तर क्लायंट चुकीच्या जागी एक अक्षर लिहू शकत नाही.

निळी शाई:

पाटबंधारे काका, ही शेवटची गोष्ट मला कुठल्याच मार्गदर्शकात सापडली नव्हती. मनापासून आभार.

वायरमनदादांचं वाचून या शनिवार-रविवारी सांगलीला जाऊन मांडणी केली. डेस्कटॉपच्या विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवला, म्हणून तो आता चोवीस तास जाळ्यावर ठेवायचा नाही असं ठरवलं. पाय ४ घेतला, त्यावर बिनपडद्याचं क्यूबिटटोरेंट आणि टेलस्केल. डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवाली. बाबांनी बटणावर कागद चिकटवला आहे, 'पुस्तकं चालू आहेत. बंद करू नये'. किल्लीची मुदत बंद केली. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडलेला नाही.

पुण्याला परत येताना बसमधून पान उघडून बघितलं, लगेच आलं. पण ते पान मोठ्या पडद्यासाठी बनवलेलं दिसतं. बारीक अक्षरं, उजव्या क्लिकचे मेनू. फोनला साजेसं काही आहे का? आणि घरच्या घरी, आतल्या जाळ्यातच आहे म्हटल्यावर पासवर्ड काढून टाकला तर चालेल का? बाबांना टाइप करायला जड जातं.

वायरमन:

मांडणी झकास झाली आहे.

पासवर्ड काढू नका. २०१८ मध्ये गुगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाच्या टॅव्हिस ऑर्मंडीने ट्रान्समिशनमधला एक दोष उघड केला होता. घरातल्या कुणीही ब्राउझरमध्ये एखादं दुष्ट पान उघडलं, तर ते पान डीएनएसची (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेची) हातचलाखी करून त्याच संगणकावरच्या क्लायंटशी बोलू शकत होतं. पोर्ट बाहेर उघडा असण्याची गरजच नव्हती. तो दोष दुरुस्त झाला, विनंती कोणत्या होस्टनेमने (यंत्राच्या नावाने) आली ते तपासायची सोय आली. पण 'आत आहे म्हणजे सुरक्षित आहे' हे गृहीतक त्याने मोडीत काढलं. बाबांच्या फोनच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड जतन करून द्या, टाइप करायचा प्रश्नच मिटतो.

आणि क्यूबिटटोरेंटच्या वेब यूआयमध्ये यूपीएनपीने राउटरवर पोर्ट उघडण्याची एक खूण असते, ती काढलेली आहे ना बघा. ती असली तर तुम्ही न उघडता क्लायंटच राउटरला सांगून दार उघडतो.

फोनसाठी दोन मार्ग. व्ह्यूटोरेंट नावाचं पर्यायी वेब पान मिळतं. ते पायवर एका फोल्डरात ठेवायचं आणि सेटिंगमध्ये पर्यायी वेब यूआय म्हणून त्याचा मार्ग द्यायचा. फोनवर ते अ‍ॅपसारखंच दिसतं. दुसरा मार्ग ट्रान्सड्रॉइड हे अँड्रॉइडचं अ‍ॅप. मुक्तस्रोत आहे, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अ‍ॅपच्या दुकानात मिळतं, आणि क्यूबिटटोरेंट, ट्रान्समिशन, डेल्यूज सगळ्यांशी बोलतं. त्यात टेलस्केलचा पत्ता, पोर्ट, नाव, पासवर्ड एकदा भरायचा. मग कुठल्याही पानावरचा मॅग्नेटचा दुवा (टोरेंट फाइलीऐवजी चालणारा) दाबलात की फोन विचारतो कशात उघडू, ट्रान्सड्रॉइड निवडा, सांगलीला काम सुरू.

डोंगरवाट:

हे ट्रान्सड्रॉइड मीही लावलं आता. रिमोट डेस्कटॉपवर जे करायला बोटं दुखायची ते दोन टिचक्यांत होतंय. एक शंका: मॅग्नेटवर कधी कधी 'मेटाडेटा उतरवत आहे' असं येऊन तासन्‌तास तसंच राहतं. फोनचा दोष का?

वायरमन:

फोनचा संबंध नाही. मॅग्नेटमध्ये फक्त टोरेंटची ओळख असते, आत कोणत्या फाइली आहेत ते दुसऱ्या वाटेकऱ्याकडून (तेच टोरेंट असलेल्या दुसऱ्या कुणाकडून) आणावं लागतं. वाटेकरीच नसेल तर तिथेच अडतं. आर्काइव्हच्या बाबतीत टोरेंट फाइलच घ्या. त्या फाइलीत आर्काइव्हच्या स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता वेब-सीड म्हणून दिलेला असतो, त्यामुळे जगात एकही सीडर नसला तरी पुस्तक उतरतं. फाइल छोटी असते, फोनच्या डेटाला जाणवतही नाही. ब्राउझरमध्ये उतरवा आणि शेअर करून ट्रान्सड्रॉइडला द्या.

पूर्ण झाल्याचा निरोप हवा असेल तर मघाशी ज्याची भीती घातली तीच 'पूर्ण झाल्यावर प्रोग्राम चालवा' ही सोय आपल्या कामाला येते. एनटीएफवाय ही मोफत सेवा आहे, तिच्या पत्त्यावर कर्ल या आज्ञेने एक ओळ पाठवली की फोनवर सूचना वाजते. टोरेंटचं नाव क्लायंट स्वतः त्या ओळीत भरतो. पत्त्यातला विषय लांबलचक आणि कुणाला सुचणार नाही असा ठेवा, कारण तो ज्याला कळला त्याला सूचना वाचता येतात.

तात्या कुडाळ:

वायरगार्ड बसवून ८०८० बंद केला, कळवतो. चालतंय उत्तम.

सीडिंगबद्दल लिहायचं राहिलं आहे. टेलस्केलने वेब पानाचा प्रश्न सुटला, पण सीजीनॅटमागे बसलं की बाहेरचे वाटेकरी तुमच्याकडे आपण होऊन येऊ शकत नाहीत. उतरवायला अडचण नाही, कारण तेव्हा आपण त्यांच्याकडे जातो. पण दुर्मीळ पुस्तकाचा एकमेव सीडर तुम्ही असाल आणि मागणाराही सीजीनॅटमागेच असेल, तर दोघांची गाठ पडणं कठीण. लाइनवर आयपीव्ही६ मिळत असेल तर तो चालू करा, त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता असतो. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये फक्त टोरेंटचा पोर्ट, फक्त पायसाठी उघडा. हा वाटेकऱ्यांचा पोर्ट आणि वेब पानाचा ८०८० हे दोन वेगळे आहेत. यांची गल्लत करू नका, दुसरा आयपीव्ही६ वरही बंदच राहिला पाहिजे.

अपलोडला मर्यादाही घाला. लाइनची पूर्ण अपलोड क्षमता सीडिंगने खाल्ली तर आईचा व्हिडिओ कॉल तुटायला लागतो. तीन-चतुर्थांशाच्या आसपास ठेवा, आणि संध्याकाळच्या वेळेसाठी वेळापत्रक लावून आणखी कमी करा. क्यूबिटटोरेंटमध्ये पर्यायी वेगमर्यादा म्हणून ती सोय आहे. ट्रान्समिशनमध्ये कासवाचं चित्र असतं, तेच काम.

निळी शाई:

तात्या, आयपीव्ही६ मिळतोय. वाटेकऱ्यांचा पोर्ट तेवढा उघडला, आणि दोन पुस्तकांवर अपलोडचा आकडा पहिल्यांदाच हललेला दिसला. कुणीतरी, कुठूनतरी, शंभर वर्षांपूर्वीचं मराठी पुस्तक आमच्या सांगलीच्या घरातून नेतंय. फार आनंद झाला.

आता एक जागेचा प्रश्न. आर्काइव्हच्या टोरेंटमध्ये एकाच पुस्तकाच्या खूप फाइली येतात. पीडीएफ असते, नुसता मजकूर असतो आणि जेपी२ नावाची, पानांच्या चित्रांची झिप असते. ही झिप पीडीएफच्या कित्येक पट मोठी असते. ट्रान्सड्रॉइडमधून ती वगळली तर चालेल का?

स्टुटगार्टवाली:

वगळता येते. टोरेंट थांबलेल्या स्थितीतच घाल, फाइलींची यादी उघड, नको त्या फाइलीवर 'उतरवू नको' कर आणि मग सुरू कर. आधी सुरू केलंस तर तू निवडेपर्यंत झिपचा काही भाग उतरलेला असतो.

पण सरसकट वगळू नकोस. पुस्तकाच्या पानावर मूळ फाइली कोणत्या आणि त्यांच्यापासून आर्काइव्हने नंतर तयार केलेल्या कोणत्या, ते वेगळं कळतं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या पुस्तकांत सहसा पीडीएफच मूळ असते आणि जेपी२ तिच्यावरून बनवलेली. तिथे झिप सोडलीस तरी काही हरवत नाही. पण एखाद्या ग्रंथालयाने पान-पान स्कॅन करून चित्रं चढवली असतील तर तिथे चित्रंच मूळ, आणि पीडीएफ ही त्यांची दाबून लहान केलेली प्रत. जुन्या खिळ्यांच्या छपाईतले अनुस्वार, रफार, जोडाक्षरांचे पाय त्या दाबण्यात पुसट होतात. अशा पुस्तकाची झिप ठेवच.

आणि फाइली वगळल्यास की तू त्या टोरेंटची पूर्ण सीडर राहत नाहीस, जेवढं आहे तेवढंच देऊ शकतेस. मी माझ्याकडे दोन वर्ग केले आहेत, 'वाचायला' आणि 'जपायला'. क्यूबिटटोरेंटमध्ये प्रत्येक वर्गाचा फोल्डर वेगळा ठरवता येतो. 'जपायला' मध्ये घातलेल्यातून एकही फाइल वगळायची नाही.

निळी शाई:

हे फार आवडलं, आजच दोन वर्ग करते. आणि उतरलेली पीडीएफ पुण्यात फोनवर वाचायची असेल तर?

वायरमन:

पायवर सांबा (जाळ्यावर फोल्डर वाटणारा प्रोग्राम) बसवा आणि 'वाचायला' हा एकच फोल्डर फक्त वाचण्यापुरता वाटा. फोनवर मटेरियल फाइल्स हे अ‍ॅप घ्या, त्यात टेलस्केलच्याच पत्त्याने जोडणी करा. हवं ते पुस्तक फोनवर उतरवून घ्या. मोठं असेल तर वायफायवर असताना घ्या, इथे मात्र तुमच्या रोजच्या डेटातूनच जाणार.

पाटबंधारे:

सांबाची सेवाही डिस्क जोडल्यावरच सुरू होईल अशी तीच अट तिलाही घाला. आणि 'जपायला' मधल्या पुस्तकांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, जमलं तर दुसऱ्या गावी ठेवा. मी कराडला आहे, माझ्या पायवर एक टेराबाइट रिकामं आहे. यादी पाठवलीत तर तीच टोरेंट मीही इथून सीड करतो.